पॅरोलची चौकशी भावाच्या दारात उभं राहून होते का?

संपादक साहेब, नमस्कार.

पॅरोलचा विषय निघाला की आमच्या वडाळ्यात अजून 2012 ची केस आठवतात. तरुण वकील मुलगी, तिच्याच बिल्डिंगच्या वॉचमनने खून केला, त्याला जन्मठेप झाली, आणि 2016 ला आई आजारी म्हणून नाशिकच्या जेलमधून पॅरोलवर सुटला तो परत गेलाच नाही, 2017 मध्ये पार काश्मीरमध्ये सापडला.

म्हणून पॅरोल बंदच करा म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही. जन्मठेपवाले पण बरेचसे कधी ना कधी बाहेर येतातच, मग अधूनमधून घरी येऊन माणूस रुळाला लागला तर चांगलंच आहे. पण सोडायच्या आधी बघतात काय? आमच्या चाळीत एकाच्या पॅरोलसाठी हवालदार आलेले, त्याच्या भावाच्या दारात उभं राहूनच शेजाऱ्यांना विचारलं, तुमची काही हरकत? आता भावासमोर कोण हरकत घेणार हो, सह्या झाल्या, जामीनदाराचे कागद बघितले, संपलं.

माणूस पुढे हिंसा करेल का हे जोखायची, कॅनडात तयार झालेली एचसीआर-20 नावाची पद्धत आहे, त्यात 20 मुद्दे बघतात, 10 मागच्या आयुष्याचे म्हणजे आधीची मारामारी, नशा वगैरे, 5 आत्ताच्या मनःस्थितीचे आणि 5 पुढचे, राहणार कुठे, सोबत कोण, उपचार चालू राहतील का. मार्कांची बेरीज करून पास-नापास नाही करायचं, तर हा माणूस कोणाला, कुठल्या परिस्थितीत इजा करू शकतो आणि ते टाळायला कोणी काय करायचं हे तज्ज्ञाने लिहून द्यायचं. हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण धोका कमीजास्त होत राहतो, दारू परत सुरू झाली, काम सुटलं, बायकोशी बिनसलं की वाढतो, तेव्हा एकदा चौकशी करून फाईल बंद करून कसं चालेल? इंग्लंडमध्ये 2001 पासून पोलीस आणि प्रोबेशनवाले (सुटलेल्यांवर देखरेख ठेवणारे) अशा धोकादायक गुन्हेगारांसाठी एकत्र बसतात, पुढे त्यात जेलवालेही आले. तिथेही सुटलेल्यांकडून खून झालेत, शंभर टक्के खात्री कुठेच नाही, पण निदान कोणाचं लक्ष असायला हवं होतं हे तरी विचारता येतं.

आपल्या सुप्रीम कोर्टाने पण 2000 सालीच सांगितलंय, जन्मठेपेच्या कैद्याला मुदतीआधी सोडताना तो परत गुन्हा करेल का ते बघा. मग ते बघायला मानसशास्त्रज्ञ द्या ना, सगळं चौकीवर का ढकलता. आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांना तो सुटायच्या आधी सरकारकडून फोन गेलाच पाहिजे, त्यांचं म्हणणं पण वेगळं, कैद्याचे घरचे समोर नसताना घ्या.

– एक वाचक, वडाळा, मुंबई