घड्याळ बरोबर सांगत होतं

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा घरी आलीस तेव्हा मनगट पुढे करून मला घड्याळातले आकडे दाखवलेस. आठवडाभर सकाळचे हृदयाचे ठोके मिनिटाला ५४, ५५, ५४ आणि रविवारी एकदम ६७. "बाबा, हे बिघडलंय बहुतेक," म्हणालीस. मी गप्प बसलो. शनिवारी रात्री पार्टीहून तू एक वाजता परतलीस, तेव्हा मी जागाच होतो. पण समोरासमोर बोललो असतो तर माझा आवाज चढला असता आणि तू उठून गेली असतीस. म्हणून लिहितोय.

घड्याळ बिघडलेलं नाही. दारू पोटात गेली की हृदयाचे ठोके वाढतात आणि झोपेतही ते नेहमीसारखे खाली उतरत नाहीत. डोळा पटकन लागतो, त्यामुळे झोप छान झाली असं वाटतं. पण उत्तररात्री ती मोडत राहते. रात्रीच्या सुरुवातीच्या गाढ झोपेत शरीर दुरुस्तीसाठी ग्रोथ हार्मोन सोडतं, तेही कमी पडतं.

आणि मला खरं बोलायचंय ते या दुरुस्तीबद्दलच. तू म्हणालीस, "मी आठवड्याला चाळीस किलोमीटर पळते, तीन-चार ड्रिंक्सनी काय होणार?" पळताना ताकद वाढत नाही गं. पळताना स्नायू झिजतात, त्यांचे बारीक धागे तुटतात. ते पुन्हा बांधले जातात नंतर, जेवणातून आणि झोपेतून. दारू नेमक्या त्याच वेळेवर हात मारते. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आठ तरुणांना दमवणारा व्यायाम करायला लावून नंतर दारू दिली. दारूबरोबर प्रोटीन दिलं तरी स्नायूंची बांधणी नुसतं प्रोटीन घेतल्यापेक्षा २४ टक्क्यांनी कमी झाली. प्रोटीनऐवजी कर्बोदकं दिली तेव्हा ती घट ३७ टक्के होती. त्यांना दिलेली दारू भरपूर होती, जवळजवळ बारा ड्रिंक्स. तू एवढी घेत नाहीस, मला माहीत आहे. तुझं नुकसानही तेवढंच होतं असं मी म्हणणार नाही. पण व्यायामानंतर प्रोटीन शेक घेतला की पुढचं सगळं माफ, हा तुझा हिशेब चुकीचा आहे.

"रविवारी पळून घामात काढून टाकते," हेही तू म्हणालीस. घामातून, श्वासातून, लघवीतून जाते ती अगदी थोडी. बाकी सगळं काम यकृताचं, आणि ते आपल्याच चालीने चालतं, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. एका ड्रिंकमध्ये १० ग्रॅम अल्कोहोल धरलं तरी चार ड्रिंक्स उतरायला चार ते सहा तास लागतात. एक वाजता झोपून सहाला बूट बांधलेस, तर तुझं यकृत कदाचित अजून कामातच असेल. ते त्यात अडकलेलं असताना रक्तात नवी साखर सोडायचं काम मागे पडतं. शिवाय शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोनही दारू दाबते, रात्रभर लघवी होते, आणि तू पहिल्या किलोमीटरलाच कोरडी असतेस. चौदाव्या किलोमीटरला पाय जड झाले, नेहमीच्या वेगालाही धाप लागली, म्हणून तू बुटांना दोष देत होतीस. नवे बूट घ्यायच्या आधी एक शनिवार न पिता काढून बघ.

ग्रुपमधल्या मुलांच्या बरोबरीने घेऊ नकोस, हेही सांगतो. हे मुलगी म्हणून बजावत नाहीये. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे वजन सारखं असलं तरी तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं.

एकेकाळी लोक दारूला ताकदीचं औषध समजत. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये थॉमस हिक्सला वाटेत ब्रँडी पाजली होती, वर स्ट्रिकनीनसारखं विषही दिलं होतं. तो जिंकला, पण शेवटी दोघांनी धरून त्याला पुढे नेलं. त्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं की मला तूच दिसतेस.

माझं एक तुला कधी सांगितलं नव्हतं. पंचविशीत सामना खेळताना माझा घोटा मुरगळला. संध्याकाळी मित्रांबरोबर बसलो. दुखणं बधिर झालं, मी त्याच पायावर नाचलो. दारूने रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज वाढते, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? दुखापतीनंतर पहिले ७२ तास दारू घेऊ नये असं सांगतात, मी ७२ मिनिटंही थांबलो नाही. सकाळी घोटा निळाजांभळा होऊन बूट चढेना. तो मोसम तिथेच संपला, आणि नंतर मी पहिल्यासारखा कधी खेळलोच नाही. तू पायऱ्या धडाधड उतरतेस तेव्हा मला अजून तो घोटा आठवतो.

तुझी हाफ मॅरेथॉन नऊ आठवड्यांवर आली आहे. कायमची सोड म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, आणि माझ्या सांगण्यावरून सोडलेली टिकणारही नाही. मागतो ते एवढंच, रविवारच्या लांब पळण्याच्या, तुझ्या लाँग रनच्या, आदल्या रात्री नको आणि पळून आल्यावर त्या दिवशीही नको. मैत्रिणींबरोबर जरूर जा, लवकर घरी ये.

येत्या रविवारी उठल्या उठल्या, अंथरुणातूनच, आकडा बघ आणि मला कळव. जो असेल तो कळव. मी सहापासून फोनजवळ असेन.

तुझे,
बाबा