एफएसआयच्या तक्त्यात नळाला रकाना हवा

संपादक महोदय,

पुण्यात पुनर्विकासाचा विषय निघाला की वाद मजल्यांवरच अडकतो. डिसेंबर 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत मात्र खरी किल्ली समोरच्या रस्त्याच्या रुंदीत आहे. निवासी भागात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, 1.1. रस्ता 9 मीटरहून अरुंद असेल तर तिथेच थांबावे लागते. 9 मीटर झाला की प्रीमियमचे (शुल्क भरून मिळणारे) 0.5 आणि टीडीआरचे (सार्वजनिक कामासाठी जागा दिल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या बांधकाम हक्काचे) 0.4 धरून 2 मिळतात, शिवाय त्यावर 60 टक्के अनुषंगिक एफएसआय (जिने, लिफ्ट, बाल्कनी अशा जागांसाठीचा). दहा गुंठ्यांवर, म्हणजे साधारण 1000 चौरस मीटरवर, 3200 चौरस मीटर बांधता येते.

म्हणून सहा मीटरच्या गल्ल्या कागदोपत्री नऊच्या करण्याची घाई. पुनर्विकासाला जाईल त्या सोसायटीने पुढची दीड मीटर जागा सोडायची. शेजारची सोसायटी दहा वर्षे थांबली तर तिची भिंत तिथेच. रस्ता करवतीच्या दात्यांसारखा होतो, सुटलेल्या खाचांत मोटारी लागतात आणि अग्निशमन बंबाची वाट सर्वांत अरुंद जागेएवढीच राहते.

त्याहून काळजीचे जमिनीखाली आहे. 16 सदनिकांच्या जागी 40 आल्या, तर घरटी पाच माणसे आणि माणशी 135 लिटर धरून पाण्याची रोजची गरज 10,800 वरून 27,000 लिटरवर जाते. त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होते. एका गल्लीत असे पाच प्लॉट उठले की जुनी जलवाहिनी आणि ड्रेनेज दोन्ही तोकडी पडतात. परवानगी मात्र एकेका प्लॉटची तपासली जाते, गल्लीची बेरीज कोणी करत नाही.

दाटी वाढू नये, असे आमचे म्हणणे अजिबात नाही. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च 2022 पासून धावते आहे. स्थानकांपासून 500 मीटरच्या आत रस्त्याच्या रुंदीनुसार 4 पर्यंत एफएसआय मिळतो, ते योग्यच आहे. माणसे तिथेच राहायला हवीत. तिथे आधी सलग पदपथ मात्र हवा.

महापालिकेने रस्तारेषा, म्हणजे रुंद रस्त्याची हद्द, ठरवल्यावर, जिथे फक्त कुंपणभिंत आड येते तिथे टीडीआर देऊन संपूर्ण गल्लीची जागा एकदमच ताब्यात घ्यावी. वसूल झालेला प्रीमियम त्याच प्रभागातील वाहिन्यांवर खर्च व्हावा. आणि वाहिनीचा व्यास व शिल्लक क्षमता गल्लीनिहाय जाहीर झाल्याशिवाय त्या गल्लीत टीडीआर वापरू देऊ नये.

– नगररचनेचे काही अभ्यासक, कोथरूड, पुणे