दरड कोसळण्याआधी वाडीला जागा द्या

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी खालापूर तालुक्यात राहतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी, ठाकर आदिवासींची वाडी, दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. इर्शाळगडाचा सुळका मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून दिसतो, पण वाडीला रस्ता नव्हता. जेसीबी वर नेता आला नाही, म्हणून बचाव पथकांनी फावड्या-घमेल्यांनी चिखल उपसला. ती चढण चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचाही जीव गेला.

पाऊस आभाळातून आला हे खरे. पण रस्ता नसणे आभाळातून आले नव्हते. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असे सरकारनेच विधानसभेत सांगितले.

साहेब, माणसे डोंगराच्या पोटाशी हौसेने राहत नाहीत. खालची सपाट जमीन त्यांच्या नावावर नाही. रायगडातल्या कितीतरी वाड्यांची गावठाण म्हणून नोंदच नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या दळीच्या जमिनीसाठी, म्हणजे डोंगरउतारावरच्या वनजमिनीसाठी, अजून खेटे घालावे लागतात. जूनमध्ये सुरक्षित स्थळी जाण्याची नोटीस येते. जायचे म्हणजे शाळेच्या खोलीत. जुलै हा लावणीचा महिना आहे. गोठ्यातली गुरे कुठे बांधायची, भाताचे आवण (रोपे) कोणी उपटायचे, घरातले तांदूळ कोण राखणार? नोटीस घेऊनही माणूस घरातच झोपतो, आणि दुर्घटनेनंतर आपण म्हणतो, सांगूनही ऐकले नाही. मला हे वाक्य फार निर्दय वाटते.

३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये दरडीखाली दीडशेहून अधिक माणसे गेली. २०२१ च्या जुलैत महाडच्या तळियेत ऐंशीहून अधिक. माळीणकरांना आमडे येथे नवे गाव बांधून दिले, तर २०१७ च्या पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले. घाईने निवडलेली जागाही माणसाला पुन्हा धोक्यातच ठेवते. इर्शाळवाडीच्या वाचलेल्यांना चौकजवळ पक्की घरे मिळाली, याचे समाधान आहे. ती घरे १८ जुलैला असती तर?

माझी मागणी एवढीच. यादी केवळ नकाशावरून करू नका. उतारावरच्या प्रत्येक वाडीत भूवैज्ञानिकासोबत तलाठी आणि वाडीतली जाणती माणसे जाऊ देत. कुठे जमिनीला भेग पडली, कुठला झरा अचानक गढूळ झाला, हे त्यांना आधी कळते. जिथे धोका दिसेल तिथे शेतापासून चालत जाता येईल अशी गावठाणाची जागा द्या, गुरांच्या गोठ्यासह, सातबाऱ्यावर नोंद करून. आणि खालापूर-कर्जतच्या कोणत्या वाड्यांना पुढच्या पावसाळ्यापूर्वी जागा मिळणार, ते गावांच्या नावांनिशी जाहीर करा.

आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

आपला नम्र,
खालापूर तालुक्यातील एक रहिवासी