विमानाची वीज जमिनीवर गेली, तर दार कोणी उघडायचं?

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक, भारत सरकार

मोहोळ साहेब, सप्रेम नमस्कार.

विमान हवेत असताना वीज गेली तर काय करायचं, हे वैमानिकांकडून सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा घोटून घेतलं जातं. तेच विमान बेवर, म्हणजे विमानतळावरच्या उभं करायच्या जागेवर, असताना वीज गेली, की कारभार चालतो तो ‘थांबा, पाच मिनिटांत येईल’ या भरवशावर. माझी उमेद लाइन मेन्टेनन्समध्ये, म्हणजे विमानांच्या रोजच्या देखभालीत, गेली, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

उभ्या विमानाला वीज देतं ते शेपटीतलं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, नाहीतर बाहेरून जोडलेली ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची केबल. एपीयू नादुरुस्त असलं तरी एमईएलनुसार, म्हणजे काय बिघडलेलं असताना उडता येतं याच्या मंजूर यादीनुसार, ठरावीक दिवस विमान उडवता येतं. त्यात गैर काही नाही, हवेत इंजिनांचे जनरेटर असतातच. गोची होते ती जमिनीवर. ए३२० सारख्या विमानात हवा थंड करणारे पॅक नुसत्या विजेवर चालत नाहीत. त्यांना दाबाखालची हवा लागते, आणि ती एपीयूकडून किंवा इंजिनांकडून येते. त्यामुळे जीपीयू, म्हणजे त्या केबलमधून वीज देणारं जमिनीवरचं यंत्र, जोडला की दिवे लागतात, पंखे फिरतात, पण फिरते ती आतलीच कोंदट हवा. ‘लाईट आहे, मग एसी का नाही?’ असं प्रवासी विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण केबिन क्रूला उत्तर देता येत नाही, कारण त्यांनाही कोणी काही सांगितलेलं नसतं. थंड हवेची मोठी नळी वेगळी जोडावी लागते. ती प्रत्येक बेवर असतेच असं नाही, आणि असली तरी चालू असेलच असंही नाही.

त्यात जीपीयू ट्रिप झाला, की खटकन कॉन्टॅक्टर (वीज जोडणारे मोठे स्विच) पडतात आणि पंख्यांची घरघर बंद होते. विमानाची बॅटरी रेडिओ आणि मोजक्या उपकरणांपुरतीच. संडासाचा फ्लशसुद्धा चालत नाही, कारण जमिनीवर त्याला ओढ देणारा ब्लोअर विजेचा. माणूस नुसता बसला तरी अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. १८० प्रवासी म्हणजे १८ किलोवॅट, बंद खोलीत २ किलोवॅटचे ९ गीझर चालू ठेवल्यासारखं. मे महिन्यातलं नागपूर असेल तर बोलायलाच नको.

दार लवकर का उघडत नाही, हे आत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एकदा प्रवासी उतरवले की शिडी आणा, बस आणा, पुन्हा तपासणी करा, पुन्हा मोजा. उड्डाणाची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, जातो, क्रूचे ड्युटीचे तास संपत येतात. अधिकार कॅप्टनचा असला तरी शिडी ग्राउंड हँडलिंगची, बस त्यांचीच, परवानगी सुरक्षा यंत्रणेची. मग सगळेच वीज यायची वाट बघत बसतात.

वीज का गेली हे कळल्याशिवाय ‘पाच मिनिटांत येईल’ हा निव्वळ अंदाज असतो. ७ जानेवारी २०१३ ला बोस्टनमध्ये जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ मधून प्रवासी उतरून गेले होते. त्यानंतर एपीयू आपोआप बंद पडलं आणि सफाई कर्मचाऱ्यांना मागच्या केबिनमध्ये धूर दिसला. एपीयूची लिथियम बॅटरी पेटली होती. त्याच महिन्यात जगभरातली ७८७ जमिनीवर बसवली गेली, एअर इंडियाचीही.

वीज बंद करून पुन्हा चालू करण्याची प्रवासी थट्टा करतात, पण तो खरा उपाय आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, ७८७ साठी तसा आदेशच काढला होता: वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर चारही जनरेटरची नियंत्रक यंत्रं एकदम बंद पडू शकतात, तेव्हा त्याआधी सगळी वीज एकदा बंद करा. माझा आक्षेप हे माणसं आत बसलेली असताना करण्याला आहे. आपत्कालीन दिव्यांच्या बॅटऱ्या किमान १० मिनिटं टिकाव्यात एवढीच नियमाची अपेक्षा असते. त्या रिसेटमध्येच संपल्या आणि मग धूर झाला, तर?

मे २०२४ मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानात एसीविना बसून काही प्रवासी बेशुद्ध पडल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारने कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढली. त्याच वर्षी विमानतळ सुरक्षा पाहणाऱ्या बीसीएएसने रखडलेल्या विमानातल्या प्रवाशांना विमानतळाच्या निर्गमन दाराने बाहेर पडू देण्याची वाट मोकळी केली. ते चांगलंच झालं. पण हे सारं उशिराच्या हिशेबावर चालतं. देशांतर्गत प्रवाशांना उभ्या विमानात ३ तासांहून जास्त अडकवून ठेवू नये, हा अमेरिकेचा नियमही तसाच, घड्याळाचा. वीज आणि हवा दोन्ही गेलेल्या केबिनमध्ये तीन तास कोण काढणार?

म्हणून आपल्या विमान वाहतूक नियामकाकडून, डीजीसीएकडून, केबिनच्या तापमानाची मर्यादा ठरवून घ्या. ती ओलांडली की कॅप्टनचा एक शब्द पुरे झाला पाहिजे, शिडी आणि बस आपसूक यायला हव्यात. एपीयू बंद असल्याची नोंद टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत, असेल, तर केबल आणि थंड हवेची नळी जोडून दोन्ही चालू झाल्याशिवाय बोर्डिंग नको. पूर्ण वीज बंद करायची असेल तर विमान आधी रिकामं करा. आणि खरं कारण प्रवाशांना साध्या मराठीत, हिंदीत सांगा. लोक समजून घेतात हो, फसवलं की चिडतात.

आपण पुण्याचे आहात. पुणे, मुंबई आणि नागपूरच्या कोणत्या बेवर थंड हवेची नळी आज चालू स्थितीत आहे, याची यादी येत्या उन्हाळ्याआधी मागवा आणि ती जाहीर करा, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, पुणे