सिस्टर, तुमचे आभार मानायचे राहिलेत

प्रिय सिस्टर,

माझ्या पायाची जखम बांधायला हल्ली एक दिवसाआड सिस्टर घरी येते. ती गेली की तुमची आठवण येते आणि डोळे भरून येतात. १९६२-६३ च्या त्या हिवाळ्यात तुम्ही इथे इंग्लंडात, लेस्टरलाच आमच्या घरी यायचात. तेव्हा मला इंग्रजी धड बोलता येत नव्हतं, पत्र कुठलं लिहिणार? म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता. इस्पितळाने त्यांना घरी पाठवलं ते पाठीला जखमा घेऊनच. केसांचा नुसता गुंता. तो सोडवायला वॉर्डात कुणाला वेळ नव्हता, ‘कापून टाका’ एवढाच सल्ला. सासूबाई विधवा. स्वतःच्या आईचं केशवपन त्यांनी लहानपणी पाहिलेलं. कात्रीचं नाव काढलं की त्या थरथरायच्या. हे मी कुणाला आणि कसं समजावणार होते? आपल्या ओळखीच्या मंडळींनीही ‘म्हातारीला एवढ्या थंडीत आणलंतच कशाला’ म्हणून हात झटकले.

नाताळात पडलेला बर्फ मार्चपर्यंत हटला नाही. तरी तुमच्या नर्सेस येत राहिल्या. सगळ्यांच्या खेपा लावणं तुमचं काम. पण माणसं कमी पडली की तुम्ही स्वतः बॅग उचलायचात.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मी विसरणार नाही. वर्तमानपत्र मागून त्यावर बॅग ठेवलीत, हात धुतलेत, सासूबाईंना कुशीवर वळवून पाठ स्वच्छ केलीत. आता निघाल असं वाटलं, तर तुम्ही फणी मागितलीत. मी कात्री आणते आहे असं वाटून सासूबाईंनी डोक्यावर हात ठेवला. तुम्ही तो हात हातात घेतलात आणि मान हलवून ‘नाही, नाही’ केलंत. खोबरेल थंडीने बाटलीत गोठलं होतं. ती बाटली विस्तवाजवळ धरून बसलात, तेल पातळ झाल्यावर बोटांनी लावलंत आणि टोकाकडून एकेक बट सोडवत वर गेलात. मग मला खुणेने सांगितलंत, वेणी तू घाल, मी बघते. पुढच्या खेपेला तिपेडी वेणी तुम्हीच घातलीत. जरा सैल होती. सासूबाई दिवसभर ती चाचपत होत्या.

तुमच्या या कामाची सुरुवात मला फार उशिरा कळली. लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याच्या बायकोची शेवटची शुश्रूषा मेरी रॉबिन्सन या नर्सने केली. १८५९ मध्ये त्याने तिलाच गरिबांच्या घरी जाऊन सेवा करायला नेमलं. कृतज्ञतेतून उभं राहिलेलं काम आहे हे! पुढे कितीतरी गावांत लोक दर आठवड्याला पेनी-पेनी भरून आपली नर्स ठेवायचे. ५ जुलै १९४८ पासून घरी नर्स पाठवणं हे इथल्या कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक प्रशासनाचं, कायदेशीर कर्तव्य झालं, म्हणून आमच्यासारख्या नुकत्याच आलेल्यांनाही एक पैसा पडला नाही. त्या कायद्याची मी ऋणी आहे. पण परक्या बाईच्या केसांचा गुंता सोडवा, असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नसतं. तो तुमचा चांगुलपणा. अशी माणसं सगळीकडे असतात, कुठल्याही देशात, आणि आजारी माणसाचं घर त्यांच्याच आधारावर उभं राहतं.

सासूबाईंच्या पाठीच्या जखमा भरल्या त्या पुन्हा कधी झाल्या नाहीत. शेवटपर्यंत त्यांचे केस पुरते लांब होते. हे श्रेय तुमचं, आणि बर्फातून चालत आलेल्या तुमच्या प्रत्येक नर्सचं.

तुमची,
त्या घरातली सून