येझदी रोडकिंगची फ्रेम लेखी अट मोडून कापल्याबद्दल तक्रार

कोल्हापूर
दि. ९ जून २०२५

प्रति,
मालक व वर्कशॉप व्यवस्थापक,
कस्टम मोटरसायकल वर्कशॉप, पुणे

विषय : १९८६ सालच्या येझदी रोडकिंगवर केलेले कॅफे रेसरचे सदोष काम, हरवलेले मूळ पार्ट आणि भरपाई

महोदय,

१४ जुलै २०२४ रोजी मी माझी येझदी तुमच्या वर्कशॉपमध्ये सोडली आणि २४ मे २०२५ रोजी ताब्यात घेतली. तुम्ही चार महिने सांगितले होते, दहा लागले. त्या उशिराचे मी या पत्रात काही मागत नाही. जुन्या गाडीच्या कामाला वेळ लागतो हे मला कळते, म्हणून मी दर महिन्याला फोन करण्यापलीकडे तगादाही लावला नाही. तक्रार आहे ती तुम्ही माझ्या गाडीची फ्रेम कापली याची.

गाडी माझ्या वडिलांनी नवी घेतली होती. मैसूरच्या कारखान्यातली, दोन सायलेन्सरची. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. तिथे बनलेला पार्ट एकदा गेला की गेला, नंतर मिळते ती नक्कल. गुडघ्यांमुळे वडिलांना किक मारवेना, तेव्हा त्यांनी गाडी माझ्या नावावर करून दिली. तिची कॅफे रेसर, म्हणजे खाली हँडलची, वेगासाठी बदललेली गाडी, करायची म्हटल्यावर ते रागावतील अशी मला भीती होती. ते एवढेच म्हणाले, "काय बी कर, पण फ्रेमला करवत लावू नगंस." ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षे लेथवर उभे होते. कापलेली नळी पुन्हा जोडली तरी ती पहिली नळी राहत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणूनच पहिल्या भेटीत मी तुमच्याकडून जॉब कार्डवर लिहून घेतले : "फ्रेम कट करायची नाही. सर्व काम बोल्टवर. काढलेले सगळे पार्ट परत." अक्षर तुमच्या व्यवस्थापकांचे आहे, खाली वर्कशॉपचा शिक्का आहे. मी आखलेले कामही साधे होते. फोर्कच्या नळ्यांनाच आवळून बसणारे क्लिप-ऑन हँडल, पाय थोडे मागे नेणारे रिअर-सेट फूटरेस्ट, आणि मूळ माउंटवरच बसणारी दोघांची सीट, जिच्या मागच्या भागावर कुबडासारखे कव्हर लावता आणि काढता येईल. आरसी बुकात गाडीची आसनक्षमता दोन आहे. मागच्या माणसाला धरायची कडी, त्याचे फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा साडीगार्ड नियमानेच लागतात. हे मी तोंडी बोलले आणि स्केचवर लिहूनही दिले.

मला मिळालेल्या गाडीला एकाच माणसाची सीट आहे. ती बसावी म्हणून सीटखालच्या सांगाड्याचा मागचा भाग कापून, वर वळवलेली नवी नळी जोडली आहे. कडी नाही, मागचे फूटरेस्ट नाहीत, साडीगार्ड नाही, मागचा मडगार्ड नाही, आरसे नाहीत. तुमच्या माणसाने सांगितले की कॅफे रेसर अशीच दिसते, सीटखालची रेघ सरळ आली पाहिजे.

यावर मला थोडे बोलायचे आहे, कारण माझ्या तक्रारीचे मूळ इथेच आहे. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली सुरू झालेल्या एस कॅफेसारख्या ठिकाणी १९५०-६० च्या दशकांत जी पोरे जमायची, त्यांनी गाडीवरची प्रत्येक वस्तू वेगासाठी आणि ताब्यासाठी बदलली. ट्रायम्फचे इंजिन जोमदार होते आणि नॉर्टनची फेदरबेड फ्रेम वळणावर घट्ट बसायची, म्हणून एकाचे इंजिन दुसरीच्या फ्रेममध्ये घालून ट्रायटन झाली. हँडल खाली आले ते वाऱ्यात अंग वाकवता यावे म्हणून, आणि अंग वाकले की पाय पुढे ठेवून बसता येत नाही म्हणून फूटरेस्ट मागे गेले. सीटचे कुबडसुद्धा वेग घेताना माणूस मागे सरकू नये यासाठी होते. गाडी आधीपेक्षा चांगली चालावी हा त्या सगळ्या खटाटोपाचा हेतू होता, आणि तोच मला आवडतो. तुम्ही माझी गाडी उभी असताना चांगली दिसावी म्हणून बनवलीत. ती आधीपेक्षा वाईट चालते आणि आता धोकादायकही आहे.

पहिली गोष्ट किकची. येझदीत किक आणि गिअर एकाच लिव्हरवर आहेत. लिव्हर आत दाबून वर फिरवली की किक, खाली आणली की गिअर. शिवाय गिअर टाकताना तीच लिव्हर आतून क्लचही उचलते. या गाडीला रिअर-सेट लावायचे तर आधी किकचा फेर कुठून कुठे जातो ते मोजावे लागते, आणि डावे फूटरेस्ट दुमडणारे करावे लागते. तुम्ही डाव्या बाजूची पट्टी सरळ किकच्या वाटेत बसवलीत. मग किक अडकायला लागली म्हणून मूळ लिव्हर कापून आखूड केलीत. आता तिच्यावर जोर येत नाही आणि टाच दर वेळी त्या पट्टीवर आपटते. गिअरसाठी दुसऱ्याच कुठल्या गाडीचे लिंकेज (पायाचा जोर गिअरपर्यंत नेणारे दांडे) जोडले आहे. त्यात इतका खेळ आहे की लिव्हर दाबली तरी क्लच पुरता उचलत नाही आणि गिअर करकरत पडतो. गाडी नेताना मी विचारले तेव्हा "ढकलून स्टार्ट करा, सवय होईल" असे उत्तर मिळाले.

क्लिप-ऑन पूर्ण वळवले की टाकीला लागतात. त्यावर उपाय म्हणून हँडलच्या स्टॉपरवर वेल्डिंगचे गोळे चढवून वळणच कमी केले आहे. घराच्या बोळातून गाडी बाहेर काढायला मला आता तीनदा पुढे-मागे करावे लागते. पुढच्या फोर्कच्या नळ्या वर सरकवल्या आणि मागे मूळपेक्षा लांब शॉकअप लावले, त्यामुळे गाडीचे नाक खाली झुकले आहे. ताशी साठच्या पुढे हँडल थरथरते.

२४ मे रोजी मी पुण्याहून कोल्हापूरला निघाले. खंबाटकी चढताना इंजिनाचा आवाज कोरडा वाटला म्हणून दोनदा थांबून गाडी गार केली. पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-टी ऑइल मी स्वतः मापाने घातले होते, त्यात चूक नव्हती. उंब्रजच्या जवळ इंजिन जाम झाले आणि मागचे चाक लॉक झाले. टू-स्ट्रोकवर लांब जाताना दोन बोटे कायम क्लचवर ठेवायची, हे वडिलांनी मला गाडी शिकवतानाच सांगितले होते. ती बोटे तिथे होती म्हणून क्लच दाबला गेला आणि गाडी कडेला घेता आली. मागून ट्रक येत होते. याहून जास्त मी त्या क्षणाबद्दल लिहीत नाही, पण तुम्ही हे वाचताना तो डोळ्यांपुढे आणावा असे मला वाटते.

गाडी टेम्पोत घालून घरी आणली. स्पार्क प्लग काढला तर टोक पांढरे फटक होते, इंजिन जास्त तापल्याची ती खूण. मूळ एअर फिल्टरचा डबा काढून तुम्ही उघडा पॉड फिल्टर लावला आहे आणि सायलेन्सरही बदलले आहेत, पण कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) मात्र जुनाच आहे. हवा वाढली, पेट्रोल तेवढेच राहिले. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल येते, म्हणजे मिश्रण पातळ झाले की गरमी वाढते आणि त्याच वेळी वंगणही कमी पडते. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आहेत. सिलिंडर बोअर करून थोडा मोठा, ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागला. जेट बदलणे हे अर्ध्या तासाचे काम होते.

आता फ्रेमचे. मी एका फाउंड्रीत तपासणी विभागात काम करते, कास्टिंगमधल्या भेगा शोधणे हा माझा रोजचा धंदा आहे. तुमच्या जोडावरचा रंग खरवडून मी डाय पेनिट्रंट चाचणी केली. जागा साफ करून लाल डाय लावला, पंधरा मिनिटे मुरू दिला, पुसला आणि पांढरा डेव्हलपर मारला. भेगेत मुरलेला डाय त्या पांढऱ्यावर लाल उमटतो. डावीकडच्या जोडाच्या कडेने नळीच्या जवळजवळ अर्ध्या घेराला लाल रेघ उमटली. उजवीकडे तीन ठिकाणी बारीक छिद्रांचे ठिपके आले. नळीला नळी नुसती टेकवून वरून वेल्डिंग ओढले आहे. जोडाच्या आत दांडा सरकवून, भोके पाडून प्लग वेल्ड करायची साधी पद्धतसुद्धा पाळलेली नाही. हा जोड शॉकअपच्या वरच्या माउंटपासून चार बोटांवर आहे, म्हणजे मागच्या चाकाचा प्रत्येक खड्डा त्याच्यावरच जातो. ही भेग मी वडिलांना दाखवली नव्हती. त्यांनी पांढरा डेव्हलपर पाहिला आणि स्वतःच वाकून बघितले. काही बोलले नाहीत.

कायद्याची बाजूही सांगते. आरसीतल्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने करता येत नाही. कलम १८२अ प्रमाणे असा फेरफार झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, हे गाडीच्या मालकाला होते. वर्कशॉप लिहिलेली अट मोडते आणि आरटीओसमोर उभी मी राहणार. पुढच्या वर्षी गाडीचे री-पासिंग आहे. तेव्हा मूळ सीट, मडगार्ड, साडीगार्ड परत चढवता यावेत म्हणूनच मी सगळे बोल्टवर मागितले होते. आज मूळ सीट हातात असती तरी ती बसवायला जागा उरलेली नाही.

आणि ती सीट हातात नाहीच. गाडी दिली तेव्हा काढायच्या १७ पार्टची यादी आपण दोघांनी मिळून केली होती. परत आले ६. मूळ सीट, दोन्ही बाजूंचे टूलबॉक्स, सायलेन्सरची जोडी, मागचा मडगार्ड, साडीगार्ड, फूटरेस्ट, यातले काही नाही. कापलेला फ्रेमचा तुकडाही नाही. विचारल्यावर "भंगारात गेले असेल" असे सांगितले. ते सायलेन्सर वडिलांनी दर दिवाळीला उतरवून आतले कार्बन जाळून साफ केलेले आहेत, चाळीस वर्षे होत आली तरी त्यांना एक पोचा नव्हता.

जे चांगले झाले ते मी चांगलेच म्हणते. टाकीचा रंग आणि तिच्यावरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा सुंदर आहेत. ज्यांनी त्या ओढल्या त्यांचा हात स्थिर आहे, त्यांना माझे धन्यवाद सांगा. सीटची शिलाईही नीट आहे. या दोन कामांचे २३,५०० रुपये मी परत मागत नाही. मी एकूण १,४८,००० रुपये दिले आहेत. त्यातले उरलेले १,२४,५०० रुपये, बोअर व पिस्टनचे ११,८०० आणि टेम्पोचे ४,५००, असे १,४०,८०० रुपये मला परत हवेत.

पैशांइतकेच मला ते ११ पार्ट आणि फ्रेमचा तुकडा हवेत. भंगारवाल्याला दिले असतील तर त्याच्याकडे आजच माणूस पाठवा, विकले असतील तर घेणाऱ्याकडून परत घ्या. फ्रेमचा कापलेला तुकडा सगळ्यात आधी शोधा. तो मिळाला तर मूळ वळणाचे माप त्यावरून घेता येईल आणि मी इथे उद्यमनगरात जिगवर (फ्रेम मापात धरून ठेवणाऱ्या साच्यावर) बांधून, आतून दांडा घालून, आर्गॉन वेल्डिंगने फ्रेम सरळ करून घेईन. ते काम मला तुमच्याकडून करून घ्यायचे नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. जॉब कार्ड, पार्टची यादी, पावत्या आणि चाचणीचे फोटो यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

गाडी आहे त्या अवस्थेत ठेवली आहे, डेव्हलपर पुसलेला नाही. तुमच्या वेल्डरला स्वतः जोड पाहायचा असेल तर त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी यावे. मी घरी असते.

आपली ग्राहक,
(सही)