सोडून दिलेल्या हरणीबद्दल

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं, अण्णांच्या ठासणीच्या बंदुकीचा फोटोही पाहिला. ‘आमचे अण्णा शिकारी होते, पण गाभण मादीवर त्यांनी कधी बंदूक उचलली नाही,’ हे तू अगदी छाती फुगवून लिहिलंयस. अभिमान असावाच. फक्त तो नेमका कशाचा, यावरून तुझ्याशी थोडं भांडायचंय.

शिकाऱ्याच्या दिलदारपणाची जगात सगळ्यांत गाजलेली गोष्ट बघ. नोव्हेंबर १९०२, मिसिसिपीचं जंगल. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट अस्वलाच्या शिकारीला गेलेले आणि अस्वल काही मिळेना. वाटाड्या होता होल्ट कॉलिअर, जन्माने गुलाम आणि अस्वलांच्या शिकारीत पक्का मुरलेला. त्याने कुत्र्यांच्या मदतीने एक अस्वल गाठलं, बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं आणि झाडाला बांधून साहेबांना बोलावणं धाडलं. बांधलेल्या जनावराला मारणं मर्दपणाचं नाही म्हणून रूझवेल्टनी नकार दिला. त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं, ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने कापडी अस्वल विकायला काढलं आणि रूझवेल्टच्या ‘टेडी’ या लाडक्या नावावरून टेडी बेअर घराघरांत गेलं. पुढचं कुणी सांगत नाही. अस्वल जखमी होतं, तेव्हा ‘सुरीने संपवून टाका’ असा हुकूमही रूझवेल्टनीच दिला होता. साहेबांचं नाव झालं, अस्वल मेलंच.

आपल्याकडचा जिम कॉर्बेट घे, नरभक्षक वाघांचा नामांकित शिकारी. कुमाऊंतल्या मोहान गावचा नरभक्षक वाघ झोपलेला असताना त्याने मारला. माणसं खाणारा वाघ, त्याला मारायलाच तो गेला होता, तरी झोपलेल्याला गोळी घातली याची रुखरुख त्याने लिहून ठेवलीय. मला ती खरी वाटते. पण जागा करून मारला असता तर वाघाला काय फरक पडला असता? अशा नियमांत जनावरापेक्षा शिकाऱ्याची इभ्रत जास्त सांभाळली जाते, असं माझं मत.

आता आपल्या माळावर ये. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी १९८०च्या आसपास पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. नंदीवाले कुत्री घेऊन डुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे. वैदूंचे सापळे मुंगूस, रानमांजर असल्या लहान जनावरांसाठी. फासेपारध्यांचे फासे काळविटांना आणि पाखरांना. रान एकच, पण ज्याची त्याची शिकार निराळी! आणि पारध्यांचा रिवाज असा की फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं. विचार कर, फासे लावून तासन्‌तास दबा धरायचा, घरी पोरं उपाशी, हातात आलेलं जनावर, आणि पायातला फास सोडवायचा. ते बघायला ना पत्रकार, ना व्यंगचित्रकार. पुढच्या वर्षी माळावर कळप हवा, हा रोकडा हिशेब त्यामागे होता. दया असेलही, मला हिशेबाचंच जास्त कौतुक वाटतं.

हा रिवाज पुढे ढिला पडला. तोही का, ते समजून घेण्यासारखं आहे. बंदुका घेतलेले बाहेरचे लोक येऊन दिसेल ते मारायला लागले. मी सोडलेली हरणी उद्या दुसऱ्याच्या गाडीत पडणार असेल, तर मी का सोडू? त्यातून पारध्यांची बाजू ऐकणार कोण? इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, पारधीही त्यात ओढले गेले. तो शिक्का कागदावरून पुसला १९५२ साली, लोकांच्या तोंडून अजून गेलेला नाही. १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि काळविटाला फास लावणं गुन्हा झाला. ते बरोबरच झालं, कळप उरले कुठे होते? पण ज्यांनी हरणी सोडल्या आणि ज्यांनी जीपमधून कळप झोडपले, ते सगळे एकाच ओळीत बसले, हे मला खुपतं.

म्हणून विचारतो, मादी सोडायची हा नियम अण्णांचा एकट्याचा होता की अख्ख्या वाडीचा? रान उठवणारे हाकारे, कुत्रेवाले, वाट्याला बसणारे, सगळे तो पाळायचे का? कुणी मोडला तर त्याचा वाटा कापायचे? काकांना हे खोदून विचार. एकट्याचा असेल तर अण्णा भला माणूस. वाडीचा असेल तर ती गोष्ट फार मोठी आहे, कुणीतरी लिहून ठेवायला हवी. आणि हो, रात्रीतून भात लोळवणाऱ्या डुकरिणीच्या मागे पिल्लं असली तर काय करायचे, तेही विचार. तिथे नियम वाकत असणार आणि त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवणार नाही, माझं पोट काही शेतावर नाही.

दिवाळीनंतर सवड काढ. कर्जतजवळचं रेहेकुरी बघू, आपल्या नगरचं कर्जत, तुझं लोकलवालं नव्हे. अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं, पण काळविटं हमखास दिसतात. गाडी तुझी, डिझेल माझं, आणि वहिनींना म्हणावं शेंगदाण्याची चटणी जास्त द्या.

तुझा,
शिरीष